चॅट सर्व्हरवर स्पॅम आणि फ्लडिंग: नव्या ॲडमिनने काय करावं, कुठून सुरुवात करावी

अभ्यासिकेचा, वसतिगृहाचा किंवा एखाद्या स्वयंसेवक गटाचा चॅट सर्व्हर नुकताच तुमच्या हाती आला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. उदाहरणादाखल एक गट धरून चालू. नागपुरातल्या तीन-चार अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची तयारी करणारी तीनेकशे मुलंमुली, वर्गणी काढून भाड्याने घेतलेला छोटा सर्व्हर, त्यावर मॅट्रिक्स किंवा एक्सएमपीपी या खुल्या चॅट-प्रणालींपैकी एकीचं चॅट. ॲडमिन दोन, आणि दोघंही स्वतः परीक्षेला बसलेले.

अशा गटाकडे कोण कशाला वळेल, असं वाटतं. पण बहुतेक वेळा हल्ला करणाऱ्याला तुम्ही कोण हे ठाऊकच नसतं. नोंदणी उघडी असलेले सर्व्हर शोधत फिरणारी स्क्रिप्ट असते. दार उघडं सापडलं की ती शेकडो खाती काढते आणि लॉटरी, घरबसल्या नोकरी, क्रिप्टो असल्या लिंका टाकू लागते. हा स्पॅम; आणि संदेशांचा किंवा जोडण्यांचा पूर आणून चॅट तुंबवणं म्हणजे फ्लडिंग. कधी मात्र तो गटातून काढलेला, चिडलेला माणूस असतो. त्याला तुमची प्रत्येक खोली, म्हणजे चॅटमधला प्रत्येक कट्टा, आणि ॲडमिनच्या झोपेच्या वेळा माहीत असतात. दोन्हींचा बंदोबस्त जवळपास सारखाच आहे.

एक गोष्ट मात्र मी अगदी आग्रहाने सांगेन: कुठलीही मर्यादा घालण्याआधी आपल्या माणसांची नेहमीची वागणूक मोजा. इंटरनेटवरून उचललेली सेटिंगं दुसऱ्याच देशातल्या, दुसऱ्याच लिपीत लिहिणाऱ्या, घरोघरी वेगळं ब्रॉडबँड असलेल्या लोकांसाठी बसवलेली असतात. ती जशीच्या तशी लावली, तर स्पॅमवाल्याआधी आपलीच माणसं बाहेर फेकली जातात.

पायरी १: आठवडाभर फक्त नोंद ठेवा

सर्व्हरच्या लॉगमधून, म्हणजे त्याच्या आपोआप होणाऱ्या नोंदवहीतून, चार आकडे काढा. एका मिनिटात एक माणूस जास्तीत जास्त किती संदेश टाकतो? एका खोलीत मिनिटाला जास्तीत जास्त किती पडतात? दिवसाला नवी खाती किती निघतात? आणि एकाच आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरचा जोडणीचा क्रमांक) एका वेळी किती जोडण्या येतात? संदेशांचा मजकूर वाचायची गरज नाही, वेळ आणि संख्या पुरेशी आहे.

शांत आठवड्यावर भागवू नका, गर्दीचा दिवसही पाहा. पूर्वपरीक्षेचा निकाल लागला की पाच-दहा मिनिटं खोलीत नुसता धुमाकूळ असतो. अभिनंदन, कटऑफ, स्क्रीनशॉट, रडवेल्या इमोजी. यंत्राच्या नजरेला तो हल्ल्यासारखाच दिसतो. दुसरं उदाहरण दीक्षाभूमीचं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे लाखोंची गर्दी असते आणि मोबाइलचं नेटवर्क सारखं येतं-जातं. स्वयंसेवकांचा गट अशा वेळी चॅटवर असेल, तर प्रत्येक वेळी रेंज आली की सगळ्यांचे फोन एकदमच सर्व्हरला पुन्हा जोडले जाऊ पाहतात. उन्हाळ्यात वादळाने एखाद्या भागातली वीज जाऊन परत आली तरी तेच. या पुनर्जोडणीच्या लाटा तुमच्या नोंदीत असायलाच हव्यात, नाहीतर ऐन गरजेच्या दिवशी तुमचा फायरवॉल स्वयंसेवकांनाच अडवेल.

पायरी २: नोंदणीचं दार

स्पॅमचा मोठा भाग इथेच थांबतो, म्हणून वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडून हे आधी करा. कुणीही येऊन खातं काढावं, अशी उघडी नोंदणी लहान गटाला लागतच नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनाही हे कळून चुकलंय. प्रोसोडी आणि ईजॅबर्डी हे एक्सएमपीपीचे सर्व्हर. प्रोसोडीत नोंदणी मुळात बंद असते. ईजॅबर्डीच्या नमुना सेटिंगमध्ये ती फक्त विश्वासातल्या नेटवर्कवरून होते. मॅट्रिक्सच्या सिनॅप्स सर्व्हरने २०२२ मध्ये, १.५६ या आवृत्तीपासून, आणखी कडक पाऊल उचललं: कुठलीही पडताळणी न ठेवता नोंदणी उघडी केली, तर सर्व्हर सुरूच होत नाही. हा अडथळा मुद्दाम बंद करायची एक सेटिंग आहे. ती वापरा असं कुठे वाचलंत, तर तो सल्ला तिथेच सोडा.

त्याऐवजी निमंत्रणाची लिंक किंवा नोंदणी टोकन (खातं काढताना द्यायचा संकेतशब्द) वापरा. प्रत्येक अभ्यासिकेला वेगळं टोकन द्या, त्याला वापराची संख्या आणि मुदत घाला. एखादं टोकन बाहेर फुटलं तर कुठून फुटलं ते कळतं, आणि बाकीच्यांना हात न लावता तेवढंच रद्द करता येतं.

एका पत्त्यावरून ठरावीक वेळात एकच खातं, ही मर्यादाही बहुतेक सर्व्हरमध्ये असते. ईजॅबर्डीत मूळ अंतर ६०० सेकंदांचं आहे, म्हणजे दहा मिनिटांना एक खातं. घरोघरच्या वापरात हे योग्यच. पण तुम्ही एखाद्या सभागृहात चाळीस जणांना बसवून, एकाच वायफायवरून, खाती काढायला सांगितलीत तर? सगळ्यांचा बाहेरचा पत्ता एकच. चाळीसाव्या माणसाची पाळी साडेसहा तासांनी येईल. अशा दिवशी मर्यादा सैल करून दार उघडं टाकण्यापेक्षा, ॲडमिनने आदल्या रात्री खाती तयार करून ठेवावीत.

कॅप्चावर फार विसंबू नका. तो सोडवून देणाऱ्या सेवा पैशांत मिळतात, आणि स्क्रीनरीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन सदस्याला मात्र तो खरोखर अडवतो. त्यापेक्षा नव्या खात्यावर पहिला दिवसभर थोडी बंधनं ठेवलेली बरी: लिंक टाकता येणार नाही, फाइल चढवता येणार नाही, अनोळखी सदस्याला खासगी संदेश पाठवता येणार नाही. खऱ्या माणसाला याचा फारसा त्रास होत नाही. स्पॅम टाकणाऱ्याचं गणित मात्र बिघडतं, कारण त्याला खातं काढल्या क्षणी वापरायचं असतं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नसेल तर देखरेखीचा बॉट लावून ती करता येते. मॅट्रिक्सवर ड्रॉपनिर, मोलनिर हे बॉट याच कामाचे आहेत.

पायरी ३: वेगमर्यादा

फ्लडिंगवरचा हा मूळ उपाय, आणि जुना. आयआरसी ही जुनी चॅट-प्रणाली फिनलंडमध्ये १९८८ साली सुरू झाली. तिचा नियमदस्तऐवज, आरएफसी १४५९, मे १९९३ चा. त्यात फ्लड रोखायची रीत दिलेली आहे. प्रत्येक संदेशाला दोन सेकंदांचा दंड, आणि दंडाचं घड्याळ चालू वेळेच्या दहा सेकंद पुढे गेलं की त्या माणसाचे पुढचे संदेश सर्व्हर हातात घेतच नाही. म्हणजे पाचेक संदेश लागोपाठ चालतात, नंतर दोन सेकंदांना एक. आजच्या सर्व्हरांची पद्धत याच विचाराची: थोडा उसळीचा साठा आणि त्यानंतर ठरावीक वेग. सिनॅप्समध्ये मूळ आकडे सेकंदाला ०.२ संदेश आणि साठा १० असे आहेत. दहा संदेश झरझर जातात, मग पाच सेकंदांना एक.

आपल्या गटासाठी आकडे ठरवताना पायरी १ ची नोंद उघडा. निकालाच्या दिवशी सगळ्यात बोलक्या सदस्याने मिनिटाला जितके संदेश टाकले, त्याच्या दीडपट मर्यादा ठेवली तर कुणालाच ती जाणवत नाही. साठा मोठा आणि पुढचा वेग कमी, असं जुळवा. माणसं भराभर चार ओळी टाकून थांबतात, स्क्रिप्ट थांबत नाही. दोघांत फरक तिथे पडतो.

मर्यादा संदेशांच्या संख्येवर आहे की बाइटवर, हे तपासायला विसरू नका. बाइट म्हणजे संगणकातली मजकूर साठवायची एकक जागा. प्रोसोडी आणि ईजॅबर्डीत जोडणीचा वेग बाइटमध्ये मोजला जातो. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला, मात्रेला आणि हलन्तालाही तीन. 'स्त्रियांच्या' हा एकच शब्द ३९ बाइटचा होतो. इंग्रजी गटाला ऐसपैस वाटणारी बाइटमर्यादा मराठीत लांब उत्तरं लिहिणाऱ्याला तिप्पट लवकर अडवते. आयआरसीत तर एक ओळ सगळं धरून ५१२ बाइटची, त्यामुळे मराठी वाक्य दीडशेएक चिन्हांनंतर तुटतं, दोन-तीन ओळींत जातं, आणि फ्लडच्या हिशोबात दोन-तीन संदेश धरले जातं. मराठी गट चालवत असाल तर बाइटची मर्यादा तिप्पट करा आणि संख्येची मर्यादा त्यासोबत लावा.

मर्यादा ओलांडली तर काय व्हावं, हेही ठरवा. संदेश गुपचूप गिळून टाकणं सगळ्यात वाईट. लिहिणाऱ्याला वाटतं पोहोचला. वेग कमी करा आणि थांबायला सांगा. जोडणी तोडणं ही त्यानंतरची गोष्ट, आणि खातं बंद करण्याचा निर्णय माणसाने घ्यावा.

पायरी ४: खोलीची कुलपं

फ्लडिंग फक्त संदेशांचं नसतं. शंभर खाती आत-बाहेर करत राहिली तरी 'अमुक आले, अमुक गेले' या ओळींनी खोली भरते. एकाच संदेशात दोनशे जणांना टॅग केलं की दोनशे फोन वाजतात. टोपणनाव सेकंदासेकंदाला बदललं तरी तोच त्रास. म्हणून मोठ्या खोल्यांत आल्या-गेल्याच्या सूचना बंद ठेवा, सगळ्यांना टॅग करायचा अधिकार फक्त ॲडमिनना द्या, आणि एका संदेशातल्या टॅगची संख्या बांधा.

जवळपास प्रत्येक प्रणालीत तीन कुलपं असतात: फक्त निमंत्रितांना प्रवेश, फक्त नोंदणीकृत खात्यांना प्रवेश, आणि फक्त परवानगी असलेल्यांनाच बोलता येणं. डिस्कॉर्ड किंवा टेलिग्रामवर गट असेल तर यांच्या जोडीला स्लो मोड, म्हणजे एकाच माणसाच्या दोन संदेशांत सक्तीचं अंतर, आहे. टेलिग्रामवर हे अंतर काही सेकंदांपासून तासापर्यंत, डिस्कॉर्डवर सहा तासांपर्यंत वाढवता येतं. ही कुलपं एकाच आज्ञेने लागतील अशी छोटी स्क्रिप्ट आजच लिहून ठेवा. रात्री दोन वाजता, झोपेतून उठून, वीस खोल्यांची सेटिंगं एकेक करून बदलता येत नाहीत.

पायरी ५: शब्दांचे फिल्टर, आणि मराठीतल्या अडचणी

स्पॅममधले ठरावीक शब्द अडवायचे, हा सगळ्यांना पहिल्यांदा सुचणारा उपाय. मी त्याला पाचव्या पायरीवर ठेवलंय, कारण तो सगळ्यात लवकर शिळा होतो. आज 'लॉटरी' अडवली की उद्या मधे टिंबं टाकून येते. शिवाय खोली एंड-टू-एंड एनक्रिप्टेड असेल तर सर्व्हरला मजकूर दिसतच नाही. तिथे वेग आणि वागणूक एवढंच हाताशी उरतं.

तरीही फिल्टर लावायचाच असेल तर तयार फिल्टर मराठीवर तपासून घ्या. काही फिल्टर शून्य रुंदीची अदृश्य चिन्हं असलेला प्रत्येक संदेश अडवतात, कारण स्पॅमवाले शब्द तोडायला ती वापरतात. पण त्यातलंच एक चिन्ह, शून्य रुंदीचा जोडक, मराठी लिहिताना रास्तपणे वापरलं जातं. 'वऱ्हाड', 'तऱ्हा', 'दुसऱ्या' यांतला अर्धा र काही कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर वापरून काढतात, काही र, हलन्त आणि हा जोडक असे तीन तुकडे जोडून. दिसायला दोन्ही सारखेच. असा फिल्टर लावला तर काही सदस्यांना विदर्भातल्या गटात 'वऱ्हाड' लिहिता येणार नाही, आणि का ते कुणालाच कळणार नाही. चिन्ह दोन देवनागरी अक्षरांच्या मधे, हलन्तानंतर आलं असेल तर सोडा. रोमन अक्षरांच्या किंवा लिंकच्या मधे आलं असेल तर अडवा.

दुसरी अडचण जोडचिन्हांची. अक्षरांवर-खाली चिन्हांचे मनोरे रचून पडदा भरून टाकणारा एक त्रासदायक प्रकार आहे. तो रोखायला काही फिल्टर संदेशातल्या जोडचिन्हांचं प्रमाण मोजतात. संगणकावरच्या सगळ्या लिप्यांचा मानक असलेल्या युनिकोडच्या हिशोबात आपल्या मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी जोडचिन्हंच. 'स्त्रियांच्या' मधल्या १३ चिन्हांपैकी ७ जोडचिन्हं आहेत, निम्म्याहून जास्त! प्रमाणाऐवजी सलग किती आली ते मोजा. नेहमीच्या मराठीत एकामागोमाग दोन-तीनच्या पुढे ती जात नाहीत. पाच-सहा सलग दिसली तर खुशाल अडवा.

तिसरं, एकच शब्द दोन तऱ्हांनी टंकलेला असतो. 'ॲप' मधला ॲ एका कीबोर्डवर एकच चिन्ह असतो, दुसऱ्यावर अ आणि वर चंद्र अशी दोन चिन्हं. युनिकोडचं प्रमाणीकरण या दोहोंना एक मानत नाही. यादीत दोन्ही रूपं टाका. रोमन लिपीत लिहिलेल्या मराठीची स्पेलिंगं तर माणसागणिक बदलतात, तिथे शब्दयादी करूच नका. लिंकच्या डोमेनवर आणि खात्याच्या वयावर भर द्या.

पायरी ६: पत्त्यावर बंदी, जपून

आयपी पत्ता बंद करणं सोपं, आणि म्हणूनच हात तिकडे लवकर जातो. आपल्याकडे मोबाइल कंपन्या एक आयपीव्ही४ (जुन्या, आखूड पद्धतीचा) पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटतात. वसतिगृहाचं वायफायही बाहेर एकाच पत्त्याने दिसतं. एका उपद्रवी मुलासाठी तो पत्ता बंद केलात तर अख्खं वसतिगृह बाहेर जातं. आयपीव्ही६ या नव्या, लांब पत्त्यांच्या पद्धतीत उलटं घडतं. एका ग्राहकाला साधारण ६४ बिटांचा पूर्ण गट मिळतो, त्यामुळे एकच पत्ता बंद करून उपयोग नाही, तो पुढच्या क्षणी दुसरा घेतो. तिथे अख्खा ६४ चा गट बंद करा.

बंदीला नेहमी मुदत घाला. चुकीचे पासवर्ड वारंवार टाकणाऱ्यांसाठी फेलटूबॅन (लॉग पाहून पत्ता तात्पुरता अडवणारा प्रोग्रॅम) किंवा सर्व्हरचं स्वतःचं मॉड्यूल पुरतं. ईजॅबर्डीचं मॉड्यूल मुळात वीस फसलेल्या प्रयत्नांनंतर तासभर दार बंद करतं. हा तोल मला योग्य वाटतो.

पायरी ७: नळीच तुंबली तर

वरचं सगळं सर्व्हरच्या आतलं. पण हल्ला नेटवर्कवरच आला, म्हणजे तुमच्या जोडणीच्या क्षमतेहून जास्त रहदारी तुमच्या पत्त्यावर ओतली गेली, तर सर्व्हरवरचं कुठलंही सेटिंग कामाचं नाही. माहितीची पाकिटं तुमच्यापर्यंत पोहोचतात तेव्हा नळी आधीच भरलेली असते. सिन फ्लड, म्हणजे जोडणीच्या अर्धवट विनंत्यांचा पूर, हा नेटवर्कवरून येणाऱ्या हल्ल्याचा जुना प्रकार. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट सेवेवर तो गाजला, आणि त्याच साली डॅन बर्नस्टाइन यांनी सिन कुकीजचा, म्हणजे अर्धवट विनंत्या साठवून न ठेवण्याचा, उपाय सुचवला. लिनक्समध्ये ती सोय आहे, चालू असल्याची खात्री करा. बाकी मोठ्या माऱ्यासाठी होस्टिंग कंपनीलाच वरच्या पातळीवर गाळणी लावावी लागते. सर्व्हर भाड्याने घेतानाच विचारा: हल्ला झाला तर तुम्ही गाळता, की माझा पत्ताच बंद करून टाकता? आणि त्यांचा तातडीचा नंबर चॅटच्या बाहेर, कागदावर लिहून ठेवा.

संरक्षण देणाऱ्या प्रॉक्सीमागे (मधे राहून रहदारी झेलणाऱ्या सर्व्हरमागे) सर्व्हर ठेवला असेल तर खरा पत्ता कुठून फुटतो ते पाहा. संदेशातल्या लिंकचा पूर्वदृश्य तुकडा (प्रिव्ह्यू) काही सर्व्हर स्वतः जाऊन आणतात. हल्लेखोर स्वतःच्या संकेतस्थळाची लिंक खोलीत टाकतो आणि तुमचा खरा पत्ता त्याच्या लॉगमध्ये उमटतो. पूर्वदृश्य बंद ठेवा, किंवा दुसऱ्या पत्त्यावरून आणवा.

पायरी ८: मारा सुरू झाला तेव्हा

क्रम महत्त्वाचा. आधी नोंदणी बंद करा. मग खोल्यांची कुलपं लावा. मग लॉगची प्रत सर्व्हरच्या बाहेर काढून ठेवा. संदेश पुसायला त्यानंतर बसा. नवे ॲडमिन नेमकं उलटं करतात. एकीकडे पुसत जातात, दुसरीकडून भरत जातं, आणि पुरावाही हातचा जातो. हल्लेखोराशी वाद घालू नका, खोलीत त्याचं नावही घेऊ नका. सदस्यांना एकच सूचना द्या, काहीशी अशी: "मंडळी, सर्व्हरवर स्पॅमचा मारा सुरू आहे. तात्पुरतं सगळ्यांचं बोलणं बंद केलंय. कुठल्याही लिंकवर टिचकी मारू नका, कुणालाही ओटीपी देऊ नका. तुमची खाती सुरक्षित आहेत. रात्री नऊला पुढची खबर देतो." आणि नऊला खबर द्याच, काही नवं नसलं तरी.

कुणी लिंकवरून पैसे गमावले असतील तर एक मिनिटही न दवडता त्यांना १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करायला लावा. सर्व्हरवरच्या हल्ल्याची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा नागपूर शहर पोलिसांच्या सायबर ठाण्यात देता येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये यंत्रणा विस्कळीत करणं आणि अधिकृत वापरकर्त्याचा प्रवेश रोखणं दोन्ही येतं. ते अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्व्हर एखाद्या संस्थेच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देशही पाहा: अशा घटनेची खबर सहा तासांत, आणि लॉग १८० दिवस जपून.

लॉगमध्ये फक्त आयपी पत्ता ठेवलात तर तपास बहुधा तिथेच अडतो, कारण तो पत्ता त्या क्षणी अनेकांचा होता. पत्त्यासोबत समोरचा पोर्ट क्रमांक (त्याच पत्त्यावरची नेमकी जोडणी सांगणारा आकडा) आणि सेकंदापर्यंतची अचूक वेळ असेल, तरच मोबाइल कंपनीला नेमका ग्राहक शोधता येतो. सर्व्हरचं घड्याळ नेटवर्कवरून जुळवलेलं ठेवा आणि वेळ भारतीय आहे की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), ते तक्रारीत स्पष्ट लिहा.

मारा थांबल्यावर कुलपं लावली त्याच्या उलट क्रमाने, एकेक करून काढा, आणि प्रत्येकानंतर थोडं थांबून आकडे पाहा. नोंदणी सगळ्यात शेवटी उघडा, तीही नव्या टोकनांनी. दोन-तीन दिवसांनी बंद केलेल्या खात्यांची यादी दोघा ॲडमिननी मिळून वाचा. तिच्यात एखादं आपलं माणूस हमखास सापडतं, बहुतेक वेळा निकालाच्या आनंदात एकाच संदेशात सगळ्यांना टॅग करून बसलेलं. त्याला फोन करा, खातं उघडून द्या, आणि ज्या मर्यादेने तो अडकला तो आकडा त्याच बैठकीत बदला.